मटारावरचा काढा

शुक्रीने पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून नळाच्या कट्ट्यावर ठेवला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ कमरेपर्यंत भिजली होती. पंपाचं झाकण गळतंय हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं होतं, पण तो थांबला नाही. ऊन वर यायच्या आत मटाराच्या सहाही ओळी आणि पलीकडचा घेवडा उरकायचा होता. आता शेवटच्या ओळीपाशी जाऊन त्याने एक शेंडा वाकवून पाहिला. काळा मावा देठाला दाटीने चिकटला होता, पण हलत नव्हता. त्याने टिचकी मारली. मावा राखेसारखा झडला.

"मेला," तो मोठ्यांदा म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं. ऑक्टोबरपासून त्याला असं एकट्याने बोलायची सवय लागली होती.

बाग त्याच्या बायकोची, नैफेची होती. चाळीस वर्षं दोघांनी मिळून तंबाखू लावली, तोडली, दोऱ्यात ओवली. पण घरामागचा हा तुकडा तिचा एकटीचा. त्यात काय कधी पेरायचं, कशावर काय शिंपडायचं, हे शुक्रीने कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ताटात मटार यायचा, तो खायचा. मग ऑक्टोबरात ती वारली. मार्चमध्ये त्याने तिच्या डब्यांतलं बी काढलं आणि जमेल तसं लावलं. सगळं उगवलं. जून संपेपर्यंत त्याला वाटत होतं, हे काही फार अवघड काम नाही.

मग मावा आला आणि आठवड्यात शेंड्यांपासून शेंगांपर्यंत पसरला. शेजारचा युमेर कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होता.

"काय रे शुक्री, मटार लावलास की उवा पाळल्यास?"

"रोज पाण्याने धुतो. परत येतात."

"पाण्याने मरत्या तर पावसातच नसत्या मेल्या? माझ्याकडे पुडी आहे. दहा लिटरला एक चमचा. उद्या सकाळी शोधून दाखव एक तरी."

"नको. सनियेला शब्द दिलाय."

"मग वाढ तिला उवांची भाजी."

सनिये त्याची मुलगी. ती, तिचा नवरा आणि पाच वर्षांची मेलेक स्पेनमध्ये असत. दोन उन्हाळ्यांपूर्वी मेलेकने याच युमेरच्या कुंपणालगतच्या स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या होत्या. संध्याकाळपर्यंत अंगभर गांधी उठल्या, गळा सुजला, आणि रात्र शहरातल्या दवाखान्यात काढावी लागली. स्ट्रॉबेऱ्यांवर काय मारलं होतं ते युमेरलाही धड सांगता येईना. त्याने दोन पुड्या एकत्र कालवल्या होत्या. त्यानंतर सनियेने आईला फोनवर निक्षून सांगितलं होतं, आपल्या अंगणात रसायनाचा थेंब पडला तर मी पोरीला घेऊन येणार नाही. नैफेने शब्द दिला आणि पाळला. दफनाच्या दुसऱ्या दिवशी निघताना सनियेने तोच शब्द बापाकडून घेतला होता. "तूच सांभाळायचंस आता," ती म्हणाली होती. या वेळी नवरा कामासाठी तिकडेच थांबणार होता आणि ती पोरीला घेऊन ऑगस्ट संपेपर्यंत राहणार होती. शुक्री मार्चपासून त्याच आशेवर बागेत वाकत होता.

रसायन नाही म्हणजे नाही. पण माळ्यावर गेल्या वर्षीच्या तंबाखूच्या फाटक्या पानांचं एक पोतं पडून होतं. नैफेनेच बांधलेलं. शुक्रीने कपडे उकळायच्या पातेल्यात पानं घातली, संध्याकाळभर उकळली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चोथा दोन्ही हातांनी पिळून काढला. कॉफीसारखा काळा काढा झाला. युमेरनेसुद्धा मान डोलावली.

"हे बेस. तंबाखू काय, आपलीच."

"तेच म्हणतो मी. आपलीच."

आता फवारणी झाली होती, मावा मेला होता, आणि सनिये मंगळवारी येणार होती. आज शनिवार. शुक्री स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला. डोकं जड झालं होतं. रिकाम्या पोटी काम केलं म्हणून असेल, असं त्याला वाटलं.

अकराच्या सुमारास फाटकाबाहेर भोंगा वाजला.

"मंगळवारी येणार होतीस ना तू?"

"मग परत जाऊ?" सनिये गाडीतून उतरता उतरता हसली. "सुट्टी आधी मिळाली. पहाटे विमानाने सोफियाला उतरलो, गाडी भाड्याने घेतली. म्हटलं, बाबाला चकवावं जरा."

"आजोबा, मी तीनदा ओकले," मेलेकने मोठ्या अभिमानाने सांगितलं. "वळणांवर. तिसऱ्यांदा नुसतं पाणी आलं."

"शाब्बास," म्हणत शुक्रीने तिला उचललं. तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि लगेच नाक मुरडलं. "तू ओला आहेस. आणि घाण वास येतोय."

"कामाचा वास आहे तो."

सनिये बागेच्या दारापाशी जाऊन उभी राहिली होती. तिने सगळ्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "आईसारखीच ठेवलीस रे."

शुक्रीने उगाच फाटकाची कडी काढली आणि घातली.

"मारलं नाहीयेस ना काही?"

"नाही गं. रसायनाचा थेंब नाही. शपथ." ते सांगताना त्याला आपण काही लपवतोय असं जरासुद्धा वाटलं नाही. त्याने मेलेकला खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर थोपटलं. "जा. आजीचा मटार आहे. खा पोटभर."

पोरगी वाऱ्यासारखी ओळींत घुसली.

आत सनियेने पातेलं घेतलं, बटाटे किसायला काढले, पुदिना शोधू लागली. आईच्या हातची बटाट्याची जाड पोळी करायची, हे तिने विमानातच ठरवलं होतं. ती बोलत होती: जावयाची नोकरी, नवं घर, मेलेकची शाळा. शुक्री टेबलाशी बसून हो हो म्हणत होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं, पण भुकेचं नव्हे. पातळ, थांबेना असं. कपाळावर थंड घाम आला. पोटात खालून एक लाट उठली आणि छातीशी येऊन थांबली.

ही लाट त्याच्या ओळखीची होती. गावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, ओळखीची आहे. पहाटे दव पडलेलं असताना तंबाखू तोडायला गेलं, पानांनी अंग भिजलं, की दोन-तीन तासांत हेच होतं. तोंडाला पाणी, थंड घाम, मग ओकारी. लहानपणी त्याची आई त्याला ओळीच्या टोकाला अक्रोडाखाली आडवं करायची आणि म्हणायची, लागली रे तुला तंबाखू, पड गुपचूप. कोरड्या पानाचं काही नाही. ओलं पान कातडीतून आत जातं.

तंबाखू लागलीये मला, शुक्रीच्या मनात आलं.

आणि त्यामागून दुसरी गोष्ट आली. नैफे तंबाखूवरून परतली की कोपरापर्यंत दोनदा साबण लावल्याशिवाय बागेत पाऊल टाकत नसे. त्यालाही टाकू देत नसे. एकदा त्याने तसंच जाऊन मिरच्या तोडल्या, तर तिने त्या त्याच्यादेखत खड्ड्यात फेकल्या होत्या. बायकांचा सोवळेपणा, तो म्हणाला होता. तिने कारण सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, त्याने ऐकलं नव्हतं.

पाठीवरून थोडा काढा गळला तर गड्याची ही अवस्था. आणि शेंगा काढ्यात न्हाऊन निघाल्या होत्या.

तो उठला. टेबल धरून उठावं लागलं.

"कुठे निघालास?"

"पोरगी काय करते बघतो."

मेलेक चौथ्या ओळीत मांडी घालून बसली होती. हनुवटी हिरवी झाली होती.

"किती खाल्ल्यास गं?"

"शंभर."

"खरं सांग मला."

"शंभर म्हणजे खूप. स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवू?"

"सालासकट खाल्ल्यास?"

"असं कोण खातं?" तिने एक शेंग तोडली, दातांत आडवी धरली आणि कडेने चीर पाडली. "असं उघडायचं. मग दाणे चोखायचे. आजीने शिकवलंय."

शुक्रीने तिच्या हातातून शेंग हिसकावून घेतली. ती दचकली.

"कडू लागलं का?"

"थोडं. मग गोड लागतं."

गुडघ्यांवर बसून तो ओळीतली सालं गोळा करू लागला. प्रत्येक सालाला बारीक दातांचे ठसे होते. सात, आठ, अकरा. मातीत दबलेली आणखी. एकोणीस मिळाली. एक साल त्याने जिभेला लावलं. कडूजहर. जिभेचं टोक बधिर झालं.

दाण्यांवर काढा पोचला नसेल, तो मनाशी म्हणाला. दाणे आत असतात. पण दात बाहेर लागले. बोटं बाहेर लागली. आणि आपण तिला या सदऱ्याशी घट्ट धरलं होतं.

त्याने तिला नळाखाली नेलं. तोंड, हात, मान, सगळं धुतलं, चुळा भरायला लावल्या. तिला ते गमतीचं वाटलं. तिने दोन चुळा त्याच्या बुटांवर टाकल्या. त्याने तिचा चेहरा उन्हात धरून पाहिला. गोरीच आहे ती, आईवर गेलेली. ही गोरी की पांढरीफटक? काल कशी दिसत होती ते त्याला कुठे माहीत होतं?

"पोट दुखतंय का?"

"नाही. तुझं दुखतंय?"

"माझं नाही."

"मग असं तोंड का केलंयस?"

सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. आत जायचं आणि सांगायचं, एवढंच. पण सांगितलं की काय होणार, तेही त्याला दिसत होतं. सनिये ओरडणार नाही. ती पिशव्या उचलून गाडीत ठेवील. मग फोन येत राहतील, रविवारी रविवारी, तब्येत कशी आहे, बरी आहे. आणि बाग बघायला कोणी येणार नाही. अर्धा तास पाहू, त्याने ठरवलं. तंबाखू लागायचीच तर आता दिसेल. नाही दिसली तर सांगायचं कारणच उरणार नाही.

तो अंगणातल्या बाकावर तिच्याशेजारी बसला. मेलेक विमानातल्या बाईची नक्कल करत होती. तो तिचे ओठ बघत होता, लाळ येतेय का. हात हातात घेऊन तो नाडी बघत होता. पण तिची नाडी किती असायला हवी हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्या स्वतःच्या कानांत इतके ठोके पडत होते की कोणते कुणाचे ते समजेना. मध्येच तो परसात जाऊन ओकून आला. तोंड पुसून परत येतो तर मेलेक बाकावर आडवी. डोळे मिटलेले.

"मेलेक!"

काही नाही. त्याने तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता. की वारा? त्याने तिला दंडाला धरून गदागदा हलवलं. ती भोकाड पसरून जागी झाली.

सनिये पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झालं? झोपू दे की रे तिला. रात्रभर विमानात जागीच होती ती."

"झोपू द्यायचं नाही."

"का?"

शुक्रीने खिशातली सालं काढून बाकावर ठेवली.

"मी तंबाखू मारलीये," तो म्हणाला. "मटारावर. आज सकाळी. उकळून."

सनियेला आधी समजलंच नाही. मग तिने सालांकडे पाहिलं, पोरीच्या हनुवटीकडे पाहिलं.

"तू म्हणालास, काही मारलं नाही."

"रसायन मारलं नाही म्हणालो."

"कधी खाल्लं हिने?"

"आल्या आल्या."

"आणि तुला कधी कळलं?"

त्याने मान खाली घातली. "अर्धा तास झाला असेल."

"अर्धा तास," सनिये म्हणाली. एवढंच. तिने मेलेकला काखेत मारली आणि गाडीकडे पळता पळता आपत्कालीन नंबर लावला. गॅस तसाच चालू होता. मागून शुक्रीने आधी तो बंद केला, मग नुसता दाराशी उभा राहिला. आपल्याला नेतात की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"रुग्णवाहिकेला तास लागेल म्हणतात," सनियेने ओरडून सांगितलं. "आपण पाऊण तासात पोचू. बस मागे! तिला झोपू देऊ नको. आणि ती सालं घे."

शहरापर्यंत बत्तीस किलोमीटर सगळा उतार, सगळी वळणं. सनिये गाडी हाकत होती. शुक्री मागे पोरीशेजारी बसून तिला गोष्ट सांगत होता. कुठली, ते त्यालाही कळत नव्हतं. तिसऱ्या वळणावर मेलेक गप्प झाली. पाचव्यावर म्हणाली, "मला मळमळतंय."

"सनिये!"

"ऐकलं मी."

सहाव्या वळणावर ती ओकली. हिरवं, पाणीदार, तिच्या फ्रॉकवर आणि त्याच्या मांडीवर.

"ओकली ती! ओकली!"

"ती वळणांवर नेहमीच ओकते!" सनिये ओरडली आणि तिचा आवाज मध्येच फाटला. "नेहमीच ओकते ती. कशी ओकली? सांग मला. घाम आलाय का? थरथरतेय का?"

"थरथरत नाही." त्याने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. आपलाच हात तंबाखूचा. "तूच सांग गं मेलेक, रोजच्यासारखंच ओकलीस की वेगळं?"

मेलेकने विचार केला. "रोज हिरवं नसतं," ती म्हणाली.

सनियेने गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात डॉक्टर चाउशेवा नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मेलेकला खाटेवर बसवलं, डोळ्यांत उजेड टाकला, छाती ऐकली, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. मग शुक्रीकडे वळल्या.

"किती पानं?"

"अर्धं पोतं."

"किती पाणी?"

"दोन बादल्या."

"नंतर पातळ केलंत?"

"नाही. म्हटलं, जोर राहू दे."

डॉक्टरबाईंनी सालं टेबलावर पसरून एकेक उलटून पाहिली. "दाणे आतून घेतलेत. सालं चावलेली नाहीत. गाडीत ओकली तेही बरंच झालं. खाऊन दोन तास होत आले आणि नाडी ठीक आहे. पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवते. दर अर्ध्या तासाने बघू." त्या सनियेशी बोलत होत्या, पण बोलता बोलता त्यांची नजर परत शुक्रीवर गेली. "तुम्ही कुठल्या गावचे, काका?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे आमच्या वरच्या गावचे. मी तंबाखूतच वाढलेय. हा सदरा सकाळपासून अंगावर आहे?"

"हो."

"ओला आहे अजून. काढा. आत्ता, इथेच. मुलीपेक्षा तुम्हीच पांढरे पडलात." त्यांनी नर्सला हाक मारली. "यांना साबणाने धुवा, डोक्यापासून. आणि मग सलाईन लावा. काय हो, ओल्या पानात कितीदा ओकलात आयुष्यात?"

"मोजलं नाही."

"आणि तेच पाणी उकळून मटारावर ओतलंत."

"आपलीच तंबाखू, वाटलं..."

"साप घरात निघाला म्हणून घरचा होतो का?" त्या म्हणाल्या आणि पडदा सारून निघून गेल्या.

शुक्री दिवसभर त्या पडद्यामागे पडून होता. हातात सुई, अंगावर दवाखान्याचा झगा. त्याला मेलेक दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. ती बोलत असली की तो नीट श्वास घ्यायचा. गप्प झाली की मान उचलायचा. एकदा खूप वेळ काहीच आवाज आला नाही. तो सुईसकट उठायला लागला तेव्हा पडद्यापलीकडून सनिये कोरडेपणाने म्हणाली, "चित्रं काढतेय ती. पड."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सनिये, रागावलीस?"

"आत्ता नको, बाबा."

"मला खरंच वाटलं नव्हतं..."

"पहिल्या चुकीबद्दल नाही रागावले मी. त्या अर्ध्या तासाबद्दल रागावले. आता बोलू नको. उद्याच निघतो आम्ही. सोफियात राहू, तिकीट मिळालं की जाऊ."

त्याने मान परत उशीवर टेकवली.

सात वाजता डॉक्टरबाईंनी दोघांनाही सोडलं. मेलेकला काही झालेलं नव्हतं. तिला भूक लागली होती आणि नर्सच्या डब्यातली बिस्किटं तिने संपवली होती. शुक्रीला दोन दिवस भरपूर पाणी प्यायचं होतं, सदरा फेकून द्यायचा होता. "बागेतलं एकवीस दिवस काही खायचं नाही," बाई म्हणाल्या. "आज ज्या शेंगा लगडल्यात त्या तर कधीच नाही. तोडून पुरा." परत येताना गाडीत मेलेक झोपली. वळणांवर ओकली नाही. शुक्रीने तिच्या श्वासावरून नजर हलवली नाही.

रात्री त्याला धड झोप लागली नाही. पहाटे डोळा लागला असावा, कारण जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं आणि घरात आवाज नव्हता. तो तसाच उठून खिडकीपाशी गेला. गाडी होती. पण सामान भरून झालं असेल. निरोप घ्यायला थांबल्या असतील.

बागेत सनिये होती. बाह्या वर केलेल्या, हातांत रबरी मोजे. शेजारी बादली, त्यात साबणाचं पाणी. मेलेक कुंपणाबाहेर उलट्या क्रेटवर बसली होती. बागेच्या दाराला दोरीच्या तीन गाठी मारल्या होत्या. पिकलेल्या, न पिकलेल्या सगळ्या शेंगा तोडून एका पोत्यात भरलेल्या होत्या.

शुक्री दोरी सोडून आत गेला आणि दोन हात अंतरावर उभा राहिला.

"काढा उरलाय का अजून?" तिने मान वर न करता विचारलं.

"पाऊण बादली. कोठीत."

"ओढ्यापासून लांब खड्डा खण. मोजे घाल. मग हात धू. कोपरापर्यंत, दोनदा."

तो गेला. खणलं, ओतलं, बुजवलं, हात धुतले, परत आला. तोपर्यंत ती घेवड्यापाशी पोचली होती. तिथे फवारा नीट लागला नव्हता. खालच्या पानांवर मावा जिवंत होता. ती साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पानाखालून फिरवत होती आणि कोवळा शेंडा, जिथे मावा दाटला होता, तिथे सरळ खुडून टाकत होती.

"हे आईचं?"

"आईचंच. साबण किसायचा, पाण्यात विरघळवायचा, संध्याकाळी मारायचा. सकाळी साध्या पाण्याने धुवायचं. फार झाला तर शेंडे खुडायचे. मला कंटाळा यायचा. पळून जायचे मी."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तू कधी विचारलंस?"

शुक्रीने दुसरं फडकं घेतलं आणि शेजारच्या वेलापाशी वाकला. पानावर मुंगीएवढा, लांबट, काटेरी, काळा-नारिंगी किडा फिरत होता. त्याने बोट पुढे केलं.

"थांब! मारू नको त्याला." तिने त्याचं मनगट धरलं. "ढालकिड्याचं पिल्लू आहे ते. ते लाल पाठीचे, ठिपक्यांचे नाहीत का? त्यांचंच. मावा खातं दिवसभर."

"याची मी गेल्या आठवड्यात शंभरेक मारली असतील."

सनियेने त्याच्याकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. तिचं तोंड वाकडं झालं. हसू की रडू ते त्याला कळलं नाही.

"काय माणूस आहेस रे बाबा तू."

त्याने पिल्लाला बोटावर घेतलं आणि जिथे मावा दाट होता त्या पानावर ठेवलं. ते थोडा वेळ गोंधळलं, मग चालू लागलं. शुक्रीला तिला विचारायचं होतं, सामान भरलंस का. विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणून त्याने विचारलं नाही.

"आई!" कुंपणापलीकडून हाक आली. मेलेकने हात आत घालून घेवड्याची एक शेंग पकडली होती. "ही खाऊ?"

"नाही!" दोघं एकदम ओरडली. शुक्री इतका जोरात ओरडला की पलीकडे युमेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

मेलेकने शेंग सोडली. खालचा ओठ पुढे आला. "मग कधी?"

"एकवीस दिवसांनी," सनिये म्हणाली. "रोज सकाळी एक रेघ मारायची. दाराच्या चौकटीवर. आजोबा पेन्सिल देतील. आजची पहिली."

शुक्री वाकलेलाच राहिला. त्याने पटकन तोंड वर केलं नाही. पानाची खालची बाजू पुसली, मग पुन्हा तीच पुसली.

"हा शेंडा खुडू का गं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

सनियेने येऊन पाहिलं. "थोडा खालून," ती म्हणाली. "आणि बाबा, यापुढे अर्धा तास नाही."

"नाही," तो म्हणाला आणि मान वळवून पोरीच्या चेहऱ्याचा रंग बघून घेतला.